पीक कर्जाचं वाटप किती आणि त्यात नवा पैसा किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी जून उजाडला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. पीक कर्ज वाटपात बँका मागे, जिल्हाधिकाऱ्यांनी बैठकीत झाडाझडती घेतली, अमुक तारखेपर्यंत उद्दिष्ट पूर्ण करण्याची तंबी. सप्टेंबर सरला की दुसरी बातमी येते, उद्दिष्टाच्या इतके टक्के वाटप झालं म्हणून. जिल्हा बँकेचं पीक कर्ज गावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव, म्हणजे सेक्रेटरी, म्हणून माझी उभी नोकरी गेली. वाटपाचा हा आकडा तळातून कसा तयार होतो ते मी जवळून पाहिलंय आणि त्यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पत्र लांबलंच तर कात्री आपल्या हातात आहे.

त्या वाटपात नवा पैसा फार थोडा असतो. बराचसा पैसा गेल्या वर्षीचाच. तो मार्चअखेर खात्यात जमा होतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा नावे पडतो. गावात याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं. बँकेच्या दप्तरी मार्चमध्ये वसुली झाली आणि एप्रिलमध्ये वाटप झालं. शेतकऱ्याच्या हाती मात्र दोन्हीमधला फरक तेवढा पडतो. पीक कर्जाचा दर, म्हणजे एकरी किती कर्ज द्यायचं तो आकडा, वाढला असेल तर चार-पाच हजार, नसेल तर सोसायटीच्या शेअर्सची कपात जाऊन काहीच नाही. वर सांगितलेल्या बैठकीत त्याचं पूर्ण कर्ज ‘वाटप’ म्हणून मोजलेलं असतं.

आता हे जुनं कर्ज भरायला पैसा कुठून येतो? पत्राचा मुद्दा तो आहे.

पाच एकर कोरडवाहू, सोयाबीनमध्ये तूर, सोसायटीचं कर्ज समजा एक लाख. खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्च. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालं, ते दिवाळीत, मजुरीत आणि रब्बीच्या पेरणीत गेलं. तूर जानेवारीपासून निघते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार तुरीने भरून जातो. तूर घरात पोत्यांत आहे, भाव नाही, आणि नोटीस दारावर चिकटवलेली. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्य पडतं. तारीख हुकली तर दोन्ही सवलती जातात, नाव थकबाकीदारांच्या यादीत लागतं आणि एप्रिलचं नवं कर्ज अडतं. म्हणजे एका तारखेवर तीन गोष्टी टांगलेल्या.

अशा वेळी सोसायटीच्या ओट्यावर, बाकड्याच्या कडेला, एक माणूस बसलेला असतो. सावकारीचा परवाना त्याच्याकडे नसतो, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतमाल विकून देण्याची आडत असते. मांडीवर रेक्झिनची पिशवी. शेकडा दोन, आठ दिवसांचे. लाखाला दोन हजार. एका सभासदाला मी बाजूला घेऊन म्हटलं, “आबा, वर्षाच्या हिशेबाने हे नव्वद टक्क्यांच्या वर जातं.” आबांनी माझ्याकडे असं बघितलं की शहाणपण मी त्यांना शिकवायला निघालोय. म्हणाले, “सेक्रेटरी, नाही भरलं तर वर्षाचं व्याज किती बसंल? सात हजार तर कुठं गेलं नाही. हा दोन घेतो. पाच वाचले का न्हाई?” हिशेब त्यांचा बिनचूक होता. राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. पण आठ दिवसांच्या हातउसन्याची नोंद कुठल्या वहीत करणार आणि तक्रार तरी कोण करणार? आबांच्या दृष्टीने तो माणूस पाच हजार वाचवून देणारा आहे.

खरी किंमत ते दोन हजार नव्हेतच. आडत्याची एक अट बोलण्यात येत नाही, पण दोघांनाही ठाऊक असते. तूर त्याच्याच दुकानी यायची, भाव तो म्हणेल तो. आणि एप्रिलचं नवं कर्ज आठ दिवसांत हाती पडलं नाही, कधी मुख्य कार्यालयातून मंजुरी लांबते, कधी एटीएम कार्डच सुरू होत नाही, तर शेकडा दोनचे चार होतात. मग पेरणीसाठी उचललेल्या कर्जातून आधी आडत्याचे जातात आणि बियाणं-खत पुन्हा उधार. ती उधारी कृषी सेवा केंद्रवाल्याची, तिचं व्याज मालाच्या किमतीतच चढवलेलं असतं, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाही.

इतिहासात जायचं म्हटलं तर १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, चौकशा झाल्या, कायदे झाले, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला पर्याय म्हणून सोसायटी उभी राहिली. आज शेतकऱ्याला सावकार वर्षभर लागत नाही हे खरंच. आठ दिवस लागतो, आणि लागतो तो सोसायटीचं कर्ज फेडायला.

कुणी म्हणेल, बँकेने तरी काय करायचं, नियमच तसा आहे. नियम तसा नाही. केंद्राच्या व्याज सवलतीत मुदतीची व्याख्या अशी आहे की बँकेने ठरवलेली परतफेडीची तारीख किंवा वाटपापासून एक वर्ष, यांत जे आधी येईल ते. म्हणजे १५ जूनला उचललेल्या कर्जाला पुढच्या १५ जूनपर्यंत सवलत मिळू शकते. फक्त बँकेने तारीख तशी ठरवायला हवी. ती ३१ मार्च ठरवली जाते, कारण त्या दिवशी बँकेचा ताळेबंद बंद होतो. रिझर्व्ह बँकेचा थकीत कर्जाचा नियमही पिकाच्या हंगामावर बेतलेला आहे. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तरच ते अनुत्पादक धरायचं. १ एप्रिलला आभाळ कोसळत नाही.

किसान क्रेडिट कार्डाचंही तेच. १९९८ मध्ये ही योजना आली आणि २०१२ मध्ये सुधारली गेली. कागदावर ती किती शहाणपणाची आहे बघा. जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेला पिकाचा दर गुणिले क्षेत्र, त्यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, २० टक्के अवजारं-विहिरीच्या दुरुस्तीसाठी, दर वर्षी १० टक्के वाढ, आणि ही मर्यादा पाच वर्षांसाठी. हवे तेव्हा काढा, हवे तेव्हा भरा. दुकानदाराला जशी कॅश क्रेडिट असते तशी. प्रत्यक्षात ते कार्ड वर्षातून दोनदाच हलतं, एकदा पूर्ण भरायला आणि एकदा पूर्ण उचलायला. पाच वर्षांची मर्यादा एका तारखेच्या दावणीला बांधलेली.

सोसायट्यांचं संगणकीकरण झालं ही चांगली गोष्ट झाली. २०२२ मध्ये केंद्राने ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. आमच्या वेळी क. म. पत्रकं, म्हणजे कर्ज मर्यादा पत्रकं, हाताने तीन-तीन प्रतींत लिहावी लागत. कार्बन पेपरने बोटं निळी व्हायची. ते कष्ट गेले. तारीख तीच राहिली.

जिथं परतफेड पिकाच्या पैशाशी जोडली गेली तिथं कर्ज चांगलं चाललं, हेही लिहायला हवं. उसाचं बघा. कारखान्याच्या बिलातून सोसायटीची कपात परस्पर होते, बिल येईल तेव्हाच कर्ज फिटतं. आता कारखान्याने बिल लांबवलं तर वसुलीही लांबते, तो भाग वेगळा. पण शेतकऱ्याला हातउसने करून ऊसकर्ज फेडावं लागत नाही. दुधाचं तसंच, दर दहा दिवसांच्या पगारातून गायीच्या कर्जाचा हप्ता कापला की खातं सुरळीत राहतं. तूर, कापूस, सोयाबीन, हरभरा यांच्या वाट्याला ही सोय आली नाही. हीच आमच्या कोरडवाहू मुलखाची पिकं.

सोय करायला अगदी काही नाही असंही नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्या. २००७ च्या गोदाम कायद्याने गोदाम पावती बँकेत तारण ठेवण्याजोगी झाली, आता ती इलेक्ट्रॉनिकही झाली आहे. अल्प व अत्यल्पभूधारकाने कार्डावर कर्ज घेतलं असेल आणि नोंदणीकृत गोदामात माल ठेवून पावती घेतली असेल, तर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत त्यालाही सवलतीच्या व्याजाचा लाभ देण्याची तरतूद केंद्राच्या योजनेत आहे. म्हणजे तूर गोदामात टाकून मार्च पार करायचा आणि बाजार सुधारला की विकायची, याला कायद्याचा आधार आहे. पण गोदाम तालुक्याला, तूर गावात. टेम्पोचं भाडं, हमाली, चाळणी, बारदान, ओलावा जास्त भरला तर माल परत. आणि बारा पोती घेऊन जाणाऱ्याला गोदामवाला विचारतच नाही. ज्याच्याकडे दोनशे पोती आहेत त्याचं जमतं, आणि त्याला बहुधा त्याची गरज नसते.

इथे शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे बोट दाखवलं जातं. बारा-बारा पोती गोळा करून दोनशे करणं हेच त्यांचं काम, हे खरं. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना सुरू केली. त्याच वर्षी एक लाख कोटींचा कृषी पायाभूत सुविधा निधी आला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याज सवलत आणि वर पतहमी. निवृत्तीनंतर अशाच एका कंपनीचे हिशेब मी बघतो, म्हणून तिथलं सांगतो. चाळणी-प्रतवारीचं यंत्र, शेड, वजनकाटा, याला कर्ज मिळालं. हेलपाटे झाले. हमी असूनही शाखेने संचालकांच्या जमिनीचे सातबारे मागितले, पण मिळालं एकदाचं. अडलं ते खेळत्या भांडवलावर. यंत्राला तारण म्हणून यंत्र असतं. तूर विकत घ्यायला रोकड लागते, आणि त्या कर्जाला बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते. कंपनी दोन वर्षांची.

बघा गंमत. कंपनीला तूर खरेदी करायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. सभासदाला पैसा हवा त्याच मार्चमध्ये, रोख आणि त्याच दिवशी, कारण ३१ तारीख. डाळ मिल कंपनीचे पैसे पंधरा-वीस दिवसांनी देते. मधले पंधरा दिवस कुणी सोसायचे? कंपनीने सभासदाला चेक दिला तर तो म्हणतो, वटेपर्यंत मार्च संपेल. आडत्या पिशवीतून मोजून देतो. मग सभासद स्वतःच्याच कंपनीच्या शेडवरून टेम्पो पुढं हाकतो. कंपन्या का चालत नाहीत, सभासदांची निष्ठा नाही, प्रशिक्षण कमी पडतं, असं व्यासपीठावरून पुष्कळ ऐकलं. निष्ठेचा प्रश्न मला तरी दिसला नाही. ही तारीख दोन महिने पुढे असती तर आमच्या शेडवर निम्मी तरी तूर थांबली असती.

बँकेच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो, नाहीतर पत्र एकांगी व्हायचं. शेतजमीन तारण असली तरी बँकेला ती सहजासहजी विकता येत नाही. इतर थकबाकीदारांची मालमत्ता ज्या २००२ च्या कायद्याने जप्त होते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. सोसायटीने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवायचा, वसुली अधिकाऱ्याने बोजा चढवायचा, लिलावाला गावातलं कुणी बोली लावत नाही. मग बँकेच्या हातात उरतं काय? नवं कर्ज अडवून ठेवण्याची ताकद, आणि ती वापरायला एक पक्की तारीख लागते. त्यात २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी वसुलीची घडी विस्कटली. निवडणूक जवळ आली की मी सोसायटीत नुसता बसून असायचो, भरायला येणार कोण? नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांचं प्रोत्साहन अनुदान जाहीर झालं, तेही पुष्कळांच्या हाती फार उशिरा पडलं. शाखाधिकाऱ्याने तारखेला घट्ट धरून बसावं यात मला नवल वाटत नाही.

आणि सोसायटीचं दुखणं आणखी वेगळं. सभासदाने सोसायटीला भरो न भरो, सोसायटीने जिल्हा बँकेला भरायचंच असतं. सभासदांकडून येणं कमी आणि बँकेचं देणं जास्त झालं की त्याला अनिष्ट तफावत म्हणतात. ती वाढली की अख्ख्या गावाचं कर्ज बंद होतं, नियमित भरणाऱ्यासकट. म्हणून गटसचिव मार्चमध्ये स्वतःच मध्यस्थी करतो, आडत्याला फोन लावतो, आमच्याकडे पंधरा सभासद आहेत, जरा या म्हणतो. वसुलीची टक्केवारी सुधारली की वरून कौतुक होतं. आडत्याने सुधारली हे सगळ्यांना माहीत असतं.

ज्याच्या नावावर सातबारा नाही, खंडाने किंवा बटईने कसतो, तो तर या सगळ्याच्या बाहेरच. त्याला नवं-जुनं नाही, शून्य टक्के नाही, आडत्या मात्र बारमाही. विहीर, पाइपलाइन, फळबाग यांसाठी लांब मुदतीचं कर्ज देणारी भूविकास बँक होती, तीही गेली, आणि तिची जागा नीट कुणी घेतलेली नाही. या दोन्हींवर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

मला सुचतं ते फार मोठं नाही. तूर-कापसाच्या कर्जाची तारीख ३१ मे करावी. कर्ज जूनमध्ये उचललेलं असेल तर केंद्राच्या एक वर्षाच्या मर्यादेत ती बसते. ताळेबंदाला वसुली कमी दिसेल, दिसू द्यावी. ज्याने माल नोंदणीकृत गोदामात ठेवून पावती आणली, त्याचं नुसतं व्याज भरून घ्यावं आणि मुद्दल पुढं चालू ठेवावं. आणि जिथं उत्पादक कंपनी आहे तिथं कंपनीने सभासदाच्या तुरीची रक्कम परस्पर सोसायटीत भरण्याचं हमीपत्र दिलं, तर उसाच्या कपातीसारखंच ते ग्राह्य धरावं. यांतल्या कशाला नवा कायदा लागत नाही, तिजोरीतून नवा रुपयाही लागत नाही. दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज द्यायची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून एका परिपत्रकाने वाढवली. परिपत्रकाने होण्याजोगं हेही आहे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या जूनमध्ये आपला वार्ताहर त्या आढावा बैठकीला जाईल तेव्हा त्याने वाटपाचा एकूण आकडा लिहून घ्यावा आणि लगेच दुसरा मागावा. यातल्या किती खात्यांत मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत रोख भरणा झाला, आणि जुनी भरलेली रक्कम वजा जाता नवीन किती दिली? खातेनिहाय नोंद आता प्रत्येक शाखेच्या संगणकात आहे, तासाभरात निघते. बैठकीत मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. तो अर्ज कसा लिहायचा, कोणत्या रकान्याची मागणी करायची, हे मी फुकट सांगायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
(नाव व पत्ता संपादकांकडे)